आता घेऊ की थांबू? : बर्डीतल्या लॅपटॉपच्या दुकानातला एक दिवस

सकाळी १०

सीताबर्डीत मोदी नंबर तीनच्या गल्लीत दुकानं दहा-साडेदहाला उघडतात. शटर वर गेलं, झाडलोट झाली, अगरबत्ती लागली की मी आधी होलसेलवाल्याची यादी बघतो. पूर्वी रॅमचा भाव महिना महिना जागचा हलायचा नाही. आता व्हॉट्सॲपवर येणाऱ्या यादीखाली 'भाव फक्त आजपुरता' अशी ओळ असते. जानेवारी २०२६ चालू आहे, संक्रांत नुकतीच झाली, आणि लॅपटॉपला लागणारी १६ जीबीची रॅम गेल्या जानेवारीच्या दुपटीहून वर गेली आहे.

दिवसभर जो प्रश्न दुकानात येतो तो एकच: आता घेऊ की थांबू? या धंद्यात उभा राहिल्यापासून मी त्याला एकच उत्तर देत आलो. घाई नसेल तर थांबा. ते उत्तर खरं होतं. सहा महिने थांबणाऱ्याला त्याच पैशात जास्त वेगवान मशीन मिळायचं, नाहीतर तेच मशीन स्वस्तात मिळायचं. यंदा हे उत्तर मला देता येत नाही, आणि का देता येत नाही हे प्रत्येक गिऱ्हाइकाला नीट सांगणं मी माझं काम समजतो.

जगात या मेमरीचा बहुतेक पुरवठा तीन कंपन्यांच्या हातात आहे: कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, अमेरिकेची मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरना वेगळ्या जातीची, थरावर थर रचलेली मेमरी लागते आणि तिला पैसा भरपूर मिळतो. तेवढ्याच जीबीसाठी तिला साध्या रॅमच्या जवळपास तिप्पट वेफर खर्ची पडतो, असं मायक्रॉननेच सांगितलेलं आहे. कारखाने तेच, वेफर तेवढेच; म्हणून तुमच्या-माझ्या लॅपटॉपच्या वाट्याला कमी माल येतो. ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉनने 'क्रुशियल' हा किरकोळ बाजारातला धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. आमच्या काउंटरमागच्या फळीवर वर्षानुवर्षं जे निळं-पांढरं पाकीट असायचं, ते फेब्रुवारीनंतर येणार नाही. नवा मेमरी कारखाना उभा राहून माल बाहेर पडायला काही वर्षं जातात, त्यामुळे हा दिवाळीनंतरचा तात्पुरता चढ आहे असं समजून बसण्यात अर्थ नाही. त्यात डिसेंबरातच डॉलर नव्वद रुपयांच्या पलीकडे गेला, आणि लॅपटॉपच्या आतला बहुतेक माल डॉलरनेच येतो.

सकाळी ११.१५

पहिलं गिऱ्हाईक काटोलकडचं. बाप-लेक. मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, इथेच हिंगणा रोडवरच्या कॉलेजात. वडिलांची संत्र्याची बाग.

"भाऊ, मृगाचा बहार निघाला का मंग पैसा येते हातात. फेब्रुवारीच्या शेवटी नाहीतर मार्चात. पोरगी बी म्हणते नवीन येऊन राहिले. मंग आता कायले घ्यायचा?"

"नवीन चिपवाले येणार आहेत ना दादा?" मुलीने विचारलं.

येणार आहेत. याच महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लास वेगासच्या मेळ्यात इंटेलने कोअर अल्ट्रा सिरीज ३ आणली, एएमडीनेही आपली नवी मालिका दाखवली. पण मेळ्यात दाखवलेली चिप आणि बर्डीच्या काउंटरवरचा पंचावन्न हजारांचा लॅपटॉप यांच्यात बरेच महिने असतात. आधी लाखाच्या वरची मॉडेलं येतात. मग कॉलेजांच्या प्रवेशाचा हंगाम आणि दिवाळी लक्षात घेऊन मधल्या किमतीची येतात. पन्नास-साठ हजारांत तर कंपन्या पुष्कळदा मागच्या पिढीचीच चिप नवा नंबर देऊन विकत राहतात.

मी मुलीला विचारलं, या सेमिस्टरला काय आहे? जावा, डेटाबेस, आणि अँड्रॉइडचा मिनी प्रोजेक्ट. मिनी प्रोजेक्ट एप्रिलमध्ये जमा करायचा. म्हणजे तिच्या कामाची तारीख ठरलेली आहे. अँड्रॉइड स्टुडिओ, त्यातला एम्युलेटर आणि क्रोम एकदम उघडलं की ८ जीबी रॅमवाला लॅपटॉप गुडघे टेकतो. तिला १६ जीबीच हवा. चिप यंदाची असो की गेल्या वर्षीची, तिच्या कामाला फरक पडणार नाही.

माझ्याकडे नोव्हेंबरात जुन्या भावाने भरलेले काही नग आहेत. ते संपले की पुढचा माल नव्या भावाने येणार. मी म्हटलं, "काका, बागेसाठी थांबायचं असेल तर थांबा, पैशाची अडचण खरी असते. पण मार्चमध्ये हाच लॅपटॉप स्वस्त मिळेल म्हणून थांबू नका. अर्धे आज द्या, अर्धे बाग निघाली की द्या. बिल आजच्याच भावाचं होईल."

ते काही न बोलता उठले. मुलगी बापाच्या मागे गेली. मी आग्रह केला नाही. एवढ्या रकमेचा निर्णय बाहेर, चहाच्या टपरीवर, दोघांनी बोलूनच व्हायला पाहिजे.

दुपारी १२.३०

आता रिपेअरच्या टेबलावर. माझ्या मते दुकानाचा खरा जीव इथे आहे. नवा घ्यायचा की नाही याचं अर्धं उत्तर जुन्याच्या पोटात असतं, आणि लोक तो उघडून न बघताच निर्णय घेतात.

टेबलावर एका निवृत्त शिक्षकांचा लॅपटॉप आहे. २०१७ चा, सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, फिरणारी हार्ड डिस्क. सर काल सांगत होते, "विंडोज बंद झालं म्हणतात. आता नवा घ्यावाच लागतो का?" खालचे स्क्रू काढून झाकण उचललं तर पंख्याच्या जाळीवर धुळीचा जाड थर बसला होता. नागपुरात हे प्रत्येक मशीनचं होतं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, खोलीत कूलर चालतो, त्याची दमट हवा आणि उन्हाळी धूळ मिळून जाळी बुजवून टाकतात. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी होते. मग चिप तापते, जळू नये म्हणून स्वतःचा वेग कमी करते, आणि मालक म्हणतो लॅपटॉप म्हातारा झाला.

पंखा साफ केला. नवी पेस्ट लावली. हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसवली. एसएसडीचेही भाव चढलेत, तरी हा सगळा खर्च नव्या लॅपटॉपच्या पासंगालाही पुरत नाही. आधी सुरू व्हायला कित्येक मिनिटं घेणारं मशीन आता घोटभर पाणी पिईपर्यंत उघडतं.

विंडोजचं मात्र खरं आहे. विंडोज १० ला मिळणारं नेहमीचं संरक्षण १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच बसतं. सरांचं मशीन एका पिढीने मागे राहिलं. पण मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरणाऱ्यांना सुरक्षेचे अपडेट एक वर्ष वाढवून दिलेत, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू ठेवला की ते फुकट मिळतात. मी ते नोंदवून दिलं. सरांचं काम म्हणजे ईमेल, पेन्शनची कागदपत्रं, मराठी टायपिंग आणि पुण्याच्या नातीशी व्हिडिओ कॉल. त्यांनी थांबावं असंच मी सांगणार, आणि कधीपर्यंत तेही सांगणार: ऑक्टोबरपर्यंत. तोवर भाव उतरले तर उत्तम. न उतरले तर लिनक्स बसवून हेच मशीन पुढे चालवता येईल. उबुंटू किंवा मिंट शिकायला सरांना एक दुपार पुरे.

एक गोष्ट मात्र मी थांबू देत नाही, ती म्हणजे फुगलेली बॅटरी. ट्रॅकपॅड वर उचलला गेलाय, झाकण नीट मिटत नाही, असं दिसलं तर तो लॅपटॉप त्याच दिवशी बंद करून आणा. 'नवा घेणारच आहोत, तोवर चालवू' म्हणत घरात ठेवलेली फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते.

दुपारी २

डबा. जेवताना दुकानातला मुलगा नवनव्या मॉडेलांच्या बातम्या वाचून दाखवतो, आणि मला दरवेळी ॲडम ऑस्बॉर्न आठवतो. हा माणूस लहानपणी तमिळनाडूत तिरुवण्णामलैला, रमण महर्षींच्या आश्रमाजवळ वाढला. १९८१ मध्ये त्याने अमेरिकेत 'ऑस्बॉर्न १' हा उचलून नेता येणारा संगणक काढला. वजन सुमारे अकरा किलो, पडदा पाच इंची, किंमत १७९५ डॉलर. तो धडाधड खपला. मग पुढच्या मॉडेलची चर्चा वेळेआधी बाहेर आली, लोक त्याची वाट बघत बसले, जुन्याचा खप आटला, आणि सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. अभ्यासक याची इतर कारणंही देतात, स्पर्धाही मोठी होती. पण या धंद्यात गिऱ्हाइकाच्या थांबण्याला आजही त्याचंच नाव आहे. २००३ मध्ये तो कोडाईकनालला वारला. ऑस्बॉर्नची कंपनी बुडाल्यापासून बाकीच्या शहाण्या झाल्या. माल तयार असल्याशिवाय सहसा तारीख सांगत नाहीत, आणि दरवर्षी काहीतरी नवं येतच राहील अशी व्यवस्था करून ठेवतात. त्यामुळे 'नवं आल्यावर घेऊ' असं ठरवणाऱ्याचं थांबणं कधीच संपत नाही.

डबा झाकतो तोच काटोलचे काका परत आले. लॅपटॉप घेतला. अर्धे पैसे मोजून दिले, बिल नीट वाचलं, आणि मुलीला म्हणाले, "आता मार्क पाहू दे मले."

दुपारी ३

लग्नाचे फोटो-व्हिडिओ करणारा एक जुना मित्र आला. फेब्रुवारीपासून मुहूर्त आहेत, बुकिंग झालंय. त्याच्या २०१९ च्या लॅपटॉपवर फोर-केचा टीझर रेंडर होता होता रात्र जाते. "नवीन ग्राफिक्स कार्ड आलं की घेऊ का रे?" त्याचा हिशेब अगदी सरळ आहे. फेब्रुवारी ते मे त्याची कमाई. अल्बम उशिरा गेला तर पुढचं काम हातचं जातं. जूनमध्ये कितीही चांगलं कार्ड येवो, तेव्हा त्याला काम नसतं.

फक्त कराची एक गोष्ट त्याला सांगितली, कारण ती दुकानदार सहसा सांगत नाहीत. धंद्यासाठी घेतलेल्या संगणकावर वर्षाला चाळीस टक्के घसारा मिळतो. पण त्या आर्थिक वर्षात वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला तर निम्माच, म्हणजे वीस टक्के. आज घेतलं तर मार्चच्या हिशेबात वीस टक्केच धरता येतील, उरलेलं पुढच्या वर्षांत वजा होत जाईल. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घेतलं तर पहिल्याच वर्षी चाळीस. त्याने सीएला फोन लावला, दोन मिनिटं बोलला आणि म्हणाला, "टॅक्ससाठी सीझन नाही सोडू शकत." बरोबर आहे. त्याचा जीएसटी नंबर आहे, बिलावर तो टाकला; अठरा टक्के त्याला क्रेडिटमध्ये मिळतील.

त्याला मी रॅमचे दोन स्लॉट असलेलं मशीन दिलं आणि ३२ जीबी आजच पूर्ण करून घ्यायला लावले. एरवी मी म्हणायचो, आत्ता १६ वर भागव, पुढच्या वर्षी स्वस्तात वाढव. ते यंदा नाही.

दुपारी ४.३०

हा वेळ रिकामा असतो. शेजारच्या दुकानदाराचं म्हणणं असं की मी लोकांना घाबरवून माल विकतो. हा आरोप मला लागतो, म्हणून त्याचं उत्तर देतो.

घाबरून केलेली खरेदी मी जवळून बघितली आहे. ३ ऑगस्ट २०२३ ला केंद्र सरकारने लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याची अट घालणारी अधिसूचना काढली. दुसऱ्याच दिवशी ती ३१ ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकलली गेली, पण लोक 'आता मिळणारच नाही' म्हणून बर्डीत आले. प्रत्यक्षात १ नोव्हेंबरपासून कंपन्यांना ऑनलाइन परवानगी घ्यायची पद्धत तेवढी सुरू झाली आणि माल येत राहिला. तेव्हा मी गिऱ्हाइकांना थांबा म्हणत होतो. ती कागदावरची भीती होती. आज वाढलेला भाव माझ्या रोजच्या यादीत आहे, त्याला कुणी पुढे ढकलत नाही.

दुसरीकडे असे दिवसही आले, जेव्हा कुणाला ठरवायला वेळच मिळाला नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये एकाच घरात आईचं ऑफिस आणि दोन मुलांची शाळा एका लॅपटॉपवर आली. आणि २३ सप्टेंबर २०२३ ची ती पहाट. रात्री काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पंचशील चौक आणि झाशी राणी चौकातून वाहिली, मोर भवनच्या बसस्थानकात गाड्या बुडाल्या. पुढचे कितीतरी दिवस या टेबलावर चिखलाने भरलेले लॅपटॉप येत होते. आम्ही बोर्ड वाचवण्याच्या नादात असायचो, लोक विचारायचे फक्त एक: आतला डेटा निघेल का? त्या वेळी कुणीही नव्या मॉडेलचं नाव काढलं नाही. तेव्हापासून आमच्या खालच्या दोन फळ्या रिकाम्या असतात, आणि नवा घ्या की जुना ठेवा, बॅकअपची वेगळी डिस्क प्रत्येकाने आजच घ्यावी हा माझा हट्ट आहे. ती खरेदी कधीही पुढे ढकलू नये.

संध्याकाळी ६

ऑफिसं सुटतात, मेट्रोच्या सीताबर्डी इंटरचेंजवरून माणसं उतरतात, आणि दुकान भरतं. व्हीएनआयटीचा एक विद्यार्थी आला. हुशार मुलगा. त्याने भरपूर वाचलं होतं आणि त्यामुळेच अडकला होता. दर तीन महिन्यांनी काहीतरी येतंय, मग घ्यायचं कधी?

त्याला मी एक जुनी गोष्ट सांगितली. १९९९ मध्ये ॲरिझोना विद्यापीठातल्या काही तरुण खगोलशास्त्रज्ञांनी याच प्रश्नावर गणित मांडलं होतं. संगणकाचा वेग दर अठरा महिन्यांनी दुप्पट होतो असं धरलं, तर जे गणित आजच्या यंत्रावर सव्वीस महिन्यांहून जास्त चालणार असेल, त्यासाठी आधी थांबून मग नवं यंत्र घेणं फायद्याचं. त्याहून लहान कामासाठी आजच सुरू करणं शहाणपणाचं. मुलगा लगेच म्हणाला, "पण आता अठरा महिन्यांत दुप्पट कुठे होतंय?" नेमकं हेच. वेग आता तेवढा वाढत नाही, भाव उतरत नाही, आणि त्याचं कुठलंच काम सव्वीस महिने चालणारं नाही. उत्तर त्याचं त्यालाच मिळालं.

मग आम्ही खऱ्या गोष्टींवर आलो. रॅम बोर्डवर पक्की बसवलेली आहे की स्लॉटमध्ये? पक्की असेल तर १६ पेक्षा कमी घेऊ नये, कारण नंतर ती कुणालाच वाढवता येत नाही. किंमत तीच ठेवायची तर कंपनीला सोपा मार्ग एकच, रॅम कमी करणं. म्हणून यंदा डब्यावरची रॅमची ओळ दोनदा वाचावी. पडदा ४५ टक्के एनटीएससीचा असेल तर रंग फिके दिसतात, त्यावर चार वर्षं डोळे घालायचे का? बिजागरी हाताने उघडून बघावी. सर्व्हिस सेंटर नागपुरात आहे का, की मशीन मुंबईला पाठवावं लागेल? आणि 'एआय पीसी'चा स्टिकर: मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये कोपायलट प्लस पीसीसाठी ४० टॉप्सच्या एनपीयूची, म्हणजे एआयचं काम करणाऱ्या वेगळ्या भागाची, अट घातली; त्या चिपांची आज खरी गरज फार थोड्या कामांना आहे. त्या स्टिकरसाठी जास्त पैसे देऊ नयेत आणि त्याच्यासाठी थांबूही नये.

संध्याकाळी ७.३०

आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आणि त्यात प्रजासत्ताक दिनाचा ऑनलाइन सेल. मी मॉडेलचा पूर्ण नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून द्यायला सांगतो. एका अक्षराच्या फरकाने पडदा किंवा रॅम बदललेली असते. सगळं जुळलं आणि तिथे खरोखर स्वस्त असेल तर तिथूनच घ्या, सेटिंग मी करून देईन. बँकेच्या कार्डावरची सूट माझ्या हातात नाही. काही जण अजून जीएसटी कमी होण्याची वाट बघतात. २२ सप्टेंबर २०२५ ला एसी आणि मोठे टीव्ही २८ वरून १८ टक्क्यांवर आले. लॅपटॉप आधीपासूनच १८ वर होता आणि तिथेच राहिला. त्या आशेवर थांबण्यात आता काही उरलेलं नाही.

रात्री ८.४५

हिशेब लावताना मी वहीत दोन याद्या लिहितो: ज्यांना घ्या म्हटलं ते, आणि ज्यांना थांबा म्हटलं ते. आज दुसऱ्या यादीत निवृत्त सर आहेत. बारावीतला एक मुलगा आहे, कारण त्याची सीईटी अजून व्हायची आहे आणि शाखा ठरल्याशिवाय त्याला कसा लॅपटॉप लागेल हे कुणीच सांगू शकत नाही. मिहानमधल्या कंपनीत नुकतीच लागलेली एक मुलगी आहे, तिला कंपनीच लॅपटॉप देणार आहे. या तिघांच्या थांबण्याला कारण आहे आणि तारीख आहे. ज्यांच्याकडे उद्याचं काम आहे आणि मशीन ते करू शकत नाही, त्यांनी यंदा भाव उतरण्याची वाट पाहू नये, हे मला माल विकायचा नसता तरी मी सांगितलं असतं.

कुठल्याही दुकानात जा, पण जाताना जुना लॅपटॉप चार्जरसकट बरोबर न्या आणि आधी तो उघडून बघायला सांगा. पुढच्या सहा महिन्यांत लॅपटॉपवर काय काम करायचं आहे आणि ते कोणत्या तारखेला द्यायचं आहे, हे एका कागदावर लिहून न्या. दुकानदाराने तो कागद न वाचताच मॉडेल दाखवायला सुरुवात केली, तर दुसऱ्या दुकानात जा.